अकरा दिवसांची वही

पीओ मॅडम कोणतीही वही शेवटच्या पानापासून उघडत. मुलगा समोर स्टुलावर बसलेला असे, आई किंवा वडील मागे उभे असत, आणि मॅडम वही उलटी धरून मागची चार पाने आधी बघत. तिथे फुल्ली-गोळ्याचे डाव असत, क्रिकेटचे धावफलक, मोटारसायकलींची चित्रे, एखादे नाव लिहून खोडलेले. "पुढची पानं सरांसाठी असतात," त्या म्हणत. "पोरगं राहतं मागच्या पानावर." मग वही सरळ करून त्या पुढून वाचायला लागत: रोजची तारीख, सरांची सही, शाईचा रंग, मध्येच सोडलेले गणित. हजेरीपटावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. वर्गात रोज बसून वर्षभर काहीच न करणारी मुले त्यांनी पुष्कळ पाहिली होती.

पीओ म्हणजे प्रोबेशन ऑफिसर. सरकारी भाषेत परिवीक्षा अधिकारी. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातून गुन्हा घडला की त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. मंडळ पुष्कळदा त्याला काही अटी घालून आईवडिलांच्या ताब्यात देते. शाळेत नियमित जाणे, जुन्या संगतीपासून लांब राहणे आणि ठरलेल्या दिवशी अधिकाऱ्याला भेटणे, या त्यातल्या नेहमीच्या अटी. त्या पाळल्या जातात की नाही हे बघून मंडळाला अहवाल देणे, हे मॅडमचे काम. सोलापुरात या सगळ्याला लोक अजूनही 'रिमांड होम' एवढेच म्हणतात. मी त्या काळात एका दैनिकासाठी न्यायालयाच्या बातम्या करत होतो. मंडळाची बैठक असली की तिकडेही चक्कर होई.

मॅडम तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. जुळे सोलापूर या उपनगरातून स्कूटीवर येत आणि डोक्यावर हेल्मेट असे. शहरात हेल्मेट घालणाऱ्या माणसाकडे लोक वळून बघतात. मी एकदा तसे म्हटले, तर म्हणाल्या, "दिवसभर पोरांना नियम पाळा म्हणून सांगायचं आणि स्वतः बोडक्या डोक्यानं हिंडायचं, हे मला जमत नाही." सकाळी कुंभारी गावाच्या बाजूच्या गृहभेटी, दुपारी कार्यालय, संध्याकाळी परत एखादी गल्ली, असा त्यांचा दिवस असे. हेल्मेटचा आणखी एक उपयोग होता. गल्लीत शिरताना चेहरा दिसत नसे. एकाच घरी सरकारी बाई वारंवार येते, हे शेजाऱ्यांच्या लक्षात यायला वेळ लागे.

मंडळाचा आदेश कार्यालयीन मराठीत असतो. 'सदर बालकाने नियमितपणे शाळेत उपस्थित राहावे' अशी त्याची सुरुवात. मॅडम तो वाचून दाखवत, घडी घालून फाइलीत ठेवत आणि म्हणत, "ही झाली माझी भाषा. आता तुझ्या भाषेत सांग." घरात तेलुगू असेल तर तेलुगूत, कानडी असेल तर कानडीत. त्यांना या भाषा बोलता येत नसत, पण अटी समजण्याइतक्या कळत. एकदा एका मुलाने दखनीत अटी म्हणून दाखवल्या, तेव्हा मी बाहेरच्या बाकावर होतो.

"इस्कूल कू रोज जाना. उन लोगां के संगात नै फिरना. पंद्रा दिन कू एक बार आपके पास आना."

"और?"

"और अम्मी का सुनना."

"ते ऑर्डरमध्ये नाही," मॅडम म्हणाल्या. "पण राहू दे."

अडचण आणि सबब यांत त्या काटेकोर फरक करत. "अडचण रोज तीच असते. सबब रोज नवी असते," हे त्यांचे वाक्य कार्यालयातल्या शिपायालाही पाठ होते. शहराजवळच्या एका गावातली मुलगी गृहपाठ करत नव्हती. पहिल्या भेटीत तिने लाइट नव्हती म्हणून सांगितले, दुसऱ्या भेटीत ताप, तिसऱ्या भेटीत पाहुणे. मॅडम एका संध्याकाळी न कळवता तिच्या घरी गेल्या. घराला कुलूप होते. मुलगी दोन घागरी आणि एक कॅन घेऊन टँकरच्या रांगेत उभी होती आणि तिथून सुटायला तिला रोज अंधार होत होता. "तीन सबबी सांगितल्यास, अडचण मात्र एकदाही सांगितली नाहीस," मॅडम तिला म्हणाल्या, आणि रांगेत तिच्या मागे उभ्या राहिल्या. पुढच्या आठवड्यापासून त्या मुलीला शाळा भरण्याआधी तासभर वर्गात बसायची परवानगी मिळाली. मॅडमनी ती मुख्याध्यापकांकडून लेखी घेतली होती.

माझी आणि त्यांची खरी ओळख झाली ती माझ्या एका बातमीमुळे. बातमी चार ओळींची होती. दहावीतल्या एका मुलाने दोन मोठ्या मुलांबरोबर एक दुचाकी पळवली होती. मंडळाने त्याला वर्षभराच्या परिवीक्षेवर घरी पाठवले होते. कायद्याने अशा मुलाची ओळख छापता येत नाही, हे मला माहीत होते. मी नाव छापले नव्हते. शाळेचे नावही नव्हते. पण बातमीत माणूस दिसला पाहिजे, असे आम्हाला उमेदवारीच्या काळात शिकवलेले असते. मी तो दिसेल असे दोन-तीन तपशील घातले आणि चार ओळींची बातमी चांगली झाली असे मला वाटले.

बातमी छापून आली त्याच्या तिसऱ्या दिवशी मॅडम कात्रण घेऊन आमच्या कार्यालयात आल्या. हेल्मेट त्यांनी माझ्या टेबलावर ठेवले.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. नाव नाही छापलं, मॅडम."

"नाव नाही छापलं. वॉर्ड छापलात. वडील काय काम करतात ते छापलंत. यंदाच कुठल्या तालुक्यातून आलेत, तेही छापलंत. आता सांगा, त्या वॉर्डात असं घर किती?"

मी कात्रण हातात घेतले.

"एक," त्या म्हणाल्या. "मी बघून आलेय."

आमच्या संपादकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी खुलासा छापण्याची तयारी दाखवली. मॅडमनी चहा घेतला, खुलासा नाकारला. "ज्यांनी बातमी वाचली नव्हती, त्यांना खुलाशातून कळेल. एवढी मदत नको," असे त्या म्हणाल्या. जाताना मला उद्देशून म्हणाल्या, "तुमची चूक वाईट हेतूनं झालेली नाही, हे मला दिसतंय. पण पोराला त्याचा काही उपयोग नाही."

यापुढच्या काही गोष्टी मी पाहिलेल्या नाहीत. त्या मुलाने मला नंतर सांगितल्या. तो आता सज्ञान आहे आणि हे लिहायला त्याची हरकत नाही. त्याचे नाव, गाव आणि वडिलांचे काम या वेळी मी लिहिणार नाही.

शाळेत बातमीचे कात्रण मोबाइलवर फिरले. मुलगा फाटकातून आत आला की सायकलतळावरची पोरे ओरडत, "चाव्या काढा रे, आला बघा!" एका सरांनी वर्गात पेन सापडत नाही म्हणून सहज त्याच्याकडे पाहिले. त्याच्या म्हणण्याप्रमाणे सर काही बोलले नाहीत, फक्त पाहिले. दुसऱ्या दिवसापासून तो दप्तर घेऊन घराबाहेर पडेना. आईला पोट दुखते म्हणाला, मग डोके दुखते म्हणाला, मग काहीच म्हणाला नाही. असे अकरा दिवस गेले. दहावीचे वर्ष होते आणि महिना जानेवारीचा. शाळेत उजळणी चालू होती.

ठरलेल्या भेटीच्या दिवशी मॅडम त्याच्या घरी गेल्या. शाळेत कसे चालले आहे विचारल्यावर त्याने चांगले चालले आहे म्हणून सांगितले आणि वही पुढे केली. मॅडमनी ती मागून उघडली. मागची पाने कोरी होती. एक रेघसुद्धा नव्हती. त्यांनी मुलाकडे पाहिले आणि वही पुढून वाचायला घेतली. अकरा दिवसांचा अभ्यास ओळीने लिहिलेला होता, तारखांसह, नीट समास सोडून.

"रविवार बरोबर गाळलाय," मॅडम म्हणाल्या. "अक्षता गाळायची राहिली."

सिद्धेश्वराच्या यात्रेत अक्षता सोहळ्याच्या दिवशी शहरातल्या शाळा बंद असतात. वहीत त्या दिवशीची तारीख होती आणि खाली भूमितीचे प्रमेय पूर्ण सोडवलेले होते.

"त्या दिवशी प्रमेय कुणी शिकवलं रे तुला?"

दाराआडून त्याची धाकटी बहीण पुढे आली. ती आठवीत होती. भावाच्या वर्गातल्या एका हुशार मुलाच्या धाकट्या बहिणीकडून तिने वही मागून आणली होती आणि सगळे उतरवून काढले होते.

"बाई, त्याला काय म्हणू नका. म्या लिवलंय त्ये."

"अक्षतेच्या दिवशी?"

"त्या दिशी मला सुट्टी हुती की! म्हणून तर बसले लिवायला. त्या दिसाची तारीख टाकली अन् तिथनं म्होरं, मागं लिवत गेले."

तिची आई हसली आणि हसता हसता रडायला लागली. मॅडमनी वही मिटली. "अक्षर छान आहे तुझं," त्या मुलीला म्हणाल्या. "यापुढं स्वतःच्या वहीत लिही." मग मुलाकडे वळून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "किती दिवस गेला नाहीस?" त्याने अकरा म्हणून सांगितले. मॅडमनी घड्याळ पाहिले. खरे सांगायला त्याला किती वेळ लागला, हे त्यांनी टिपून ठेवले होते, हे नंतर अहवाल वाचला गेला तेव्हा कळले.

प्रकरण आता गंभीर झाले होते. शाळेची अट मोडली होती आणि वर खोटी वही दाखवली होती. अट मोडली तर मंडळ आदेश बदलू शकते आणि मुलाला विशेष गृहात, म्हणजे बंदिस्त सुधारगृहात, पाठवू शकते. ते दुसऱ्या जिल्ह्यात होते. दहावीची परीक्षा पाच आठवड्यांवर आली होती. तेवढ्यात हलवले गेले असते तर त्याचे वर्ष जाणार, हे सगळ्यांना दिसत होते, आणि एकदा वर्ष गेले की असा मुलगा परत शाळेत येत नाही, हे मॅडमना अनुभवाने माहीत होते.

मंडळाने बातमीबद्दल मलाही बोलावले. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. शेजारी एक बाई येऊन बसल्या आणि माझ्या गळ्यातले ओळखपत्र निरखून म्हणाल्या, "पेपरातलं तुमीच का?"

"हो."

"तुमीच लिवलं न्हवं त्ये? माझ्या पोराचं?"

मी हो म्हणालो.

"लई झ्याक लिवलं बघा. आमी गाव सोडून हितं आलो, कुनी वळकत न्हवतं. तुमी साऱ्या वॉर्डाला वळख करून दिली." त्या आवाज न चढवता बोलत होत्या. "पोरगं भ्यालं, घरात बसलं. पोरीनं वही लिवली. आता त्या वहीपायी त्यो जातुय आत."

वहीचे मला तेव्हा पहिल्यांदा कळले. मॅडम आत जाण्याआधी मी त्यांना गाठले आणि विनंती केली की अहवालात गैरहजेरी लिहा, माझी बातमी लिहा, सगळा दोष माझ्यावर टाका, पण वहीचे लिहू नका.

"तुम्ही नको ते घातलंत, म्हणून मी पाहिजे ते गाळू?" त्या म्हणाल्या. "आज मी वही गाळली, तर उद्या याच पोराबद्दल चांगलं लिहीन, तेही कुणी खरं धरणार नाही. याला माझं खरं लागणार आहे हो. आज नाही, पुढं."

मलाही आत बोलावून अहवाल वाचला गेला; तो दीड पानाचा होता. पहिल्या परिच्छेदात अकरा दिवसांची गैरहजेरी. दुसऱ्यात तिचे कारण, माझी बातमी, तारखेसह. तिसऱ्यात वही, ती कोणी लिहिली, कशी पकडली गेली, आणि विचारल्यावर मुलाने अर्ध्या मिनिटाच्या आत खरे सांगितले, ही नोंद. चौथ्यात शिफारस: परिवीक्षा चालू ठेवावी, परीक्षेपर्यंत मुलाने रोज शाळा सुटल्यावर अधिकाऱ्याच्या कार्यालयात येऊन बुडालेल्या अकरा दिवसांचा अभ्यास स्वतःच्या हाताने लिहावा, शाळेतली चिडवाचिडवी थांबवण्याबाबत मुख्याध्यापकांना सूचना द्यावी. मी इतकी वर्षे बातम्या लिहिल्या, पण चार परिच्छेदांत इतके नेमके काही लिहिल्याचे मला आठवत नाही.

मंडळावरच्या सदस्य बाईंनी मुलाला विचारले, "बहीण लिहीत होती तेव्हा तू काय करत होतास?"

"बसलो हुतो."

"वाईट वाटलं का?"

"तवा न्हाय वाटलं. अक्षतेचं कळल्यावर वाटलं."

न्यायदंडाधिकारी मॅडमकडे वळले. "रोज कार्यालयात म्हणजे तुमच्यावर भार आहे. तुम्ही जबाबदारी घेता?"

"लिहूनच दिलंय, सर," मॅडम म्हणाल्या.

शिफारस मान्य झाली. पुन्हा अट मोडली तर आणखी संधी मिळणार नाही, असे मुलाला बजावण्यात आले. आमच्या दैनिकाने लेखी माफी मंडळाकडे दिली आणि संकेतस्थळावरून बातमी काढली. माझे काम संपल्यावर मी त्या खोलीतून बाहेर आलो. त्या माऊली बाकावरून उठल्या आणि मला वाट दिली.

पुढचे पाच आठवडे तो मुलगा रोज संध्याकाळी मॅडमच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून लिहीत असे. मॅडम त्याला शिकवत नसत. "मला भूमिती येत नाही आणि येते असं दाखवायची हौस नाही," असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. त्या आपल्या फायली करत, तो आपली वही करे. अडले की त्याने प्रश्न एका चिठ्ठीवर लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी शाळेत सरांना विचारायचा. मॅडम चिठ्ठी परत मागत आणि उत्तर त्याच्याकडून समजून घेत. ज्या सरांनी पेन हरवल्यावर त्याच्याकडे पाहिले होते, त्याच सरांकडे सगळ्यात जास्त चिठ्ठ्या गेल्या. तिसऱ्या आठवड्यात सरांनी उत्तराखाली स्वतःहून आणखी दोन गणिते लिहून पाठवली. मॅडम ती चिठ्ठी बघून म्हणाल्या, "आता सरांनाही गृहपाठ लागला."

एकदा तो उशिरा आला आणि बस चुकली म्हणाला. मॅडमनी खिडकीतून खाली बोट केले. खाली त्याची सायकल होती. तो खाली गेला, पाच मिनिटांनी परत वर आला आणि म्हणाला, "मॅडम, मॅच बघत हुतो." त्यांनी मान हलवली आणि वही पुढे सरकवली.

परीक्षेत तो गणित सोडून सगळ्या विषयांत पास झाला. मॅडमनी निकाल पाहिला आणि पुरवणी परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा ते विचारले. सांत्वन वगैरे त्यांच्या कामात बसत नव्हते. जुलैत तो गणितात पास झाला आणि आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या शाखेत गेला. वर्ष संपल्यावर मंडळाने परिवीक्षा पूर्ण झाल्याची नोंद केली. अशा प्रकरणात पुढे ठरलेल्या मुदतीनंतर कागदपत्रे नष्ट करतात, म्हणजे मुलाच्या आयुष्यावर तो डाग राहत नाही. त्या सुमारास मॅडमनी मला फोन केला.

"आमची फाइल जाईल. तुमच्या जुन्या अंकांचं काय?"

बांधीव अंकातले पान काढता येत नाही, असे मी सांगितले.

"मग कुणी मागितलं तर काढून देताना दोनदा विचार करा," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

निवृत्तीनंतर त्यांनी जुळे सोलापुरातला फ्लॅट सोडून मंगळवेढ्याला बहिणीकडे राहायचे ठरवले. सामान हलवायच्या दिवशी मी निरोप घ्यायला गेलो होतो. परिवीक्षेवरच्या मुलामुलींना त्यांनी एक नियम घालून दिला होता, तो मला त्या सकाळी समजला. मुदत संपली की रस्त्यात, लग्नात, बाजारात, कुठेही मॅडमना ओळख दाखवायची नाही. नमस्कारसुद्धा करायचा नाही. कारण नमस्कार केला की बरोबरचे लोक विचारतात, ह्या कोण तुझ्या? कार्यालयात निरोपसमारंभ झाला, तेव्हा म्हणूनच त्यांतले कोणी नव्हते. हार साहेब लोकांनी घातले.

टेम्पो सकाळी आठला यायचा होता. साडेसातपासून माणसे यायला लागली. पंचवीस-सव्वीसचा एक जण, रंगाचे डाग पडलेल्या कपड्यांत. एक तरुणी, पाठीला सॅक, कामावर जाता जाता आलेली. दोघे भाऊ वाटावेत असे, पण ते एकमेकांना ओळखत नव्हते. कुणी कुणाशी बोलले नाही. मॅडमनी प्रत्येकाला फक्त काय उचलायचे ते सांगितले. कपाट दोघांनी उतरवले. गॅसची शेगडी त्या तरुणीने गोधडीत गुंडाळली. शेवटी तो आला, खिशात टेस्टर अडकवलेला. त्याने स्टूल मागून घेतले, पंखे उतरवले आणि वायरींच्या टोकांना व्यवस्थित टेप लावली.

समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. "बाईंचे नातेवाईक का हो हे? कधी बघितले नाहीत."

"नाही," मी म्हणालो.

"मग विद्यार्थी? पण बाई शाळेत कुठं होत्या?" त्यांनी मला ओळखले होते. "तुम्ही पेपरवाले. तुम्हाला ठाऊक असणार."

"मदतीला आलेत," मी म्हणालो.

ते थोडा वेळ वाट बघत थांबले आणि आत गेले. टेम्पो भरला. मॅडम पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या आणि गाडी वळली. मागे हात हलवायला कोणी उभे नव्हते. माणसे आली तशी एकेक करून निघून गेली. तो सर्वांत शेवटी जिन्यावरून उतरला, हातात पक्कड आणि टेपचे उरलेले बंडल. गेटपाशी माझ्यापासून हातभर अंतरावरून गेला, एखाद्या अनोळखी माणसाच्या बाजूने जावे तसा, आणि मीही दुसरीकडे पाहिले.